घाटउतार आणि मोटारसायकल

गेल्या डिसेंबरात आम्ही मोटारसायकलवरून सह्याद्रीला एक वळसा घातला. 'आम्ही' म्हणजे एकटेच. मागच्या सीटवर फक्त बांधलेली पिशवी होती. नाशिकहून घोटी, इगतपुरी, कसारा घाट उतरून शहापूर, तिथून मुरबाड, माळशेज घाट चढून आळेफाटा आणि चंदनापुरी घाटातून संगमनेर, सिन्नर, नाशिक. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. लडाखला जाऊन येणाऱ्यांना हे अंतर किरकोळ वाटेल. पण वेग, उतार, घर्षण आणि उष्णता यांचा इतका चांगला पाठ एका प्रवासात क्वचितच मिळतो.

नाशिक आणि इगतपुरी यांच्या उंचीत फारसा फरक नाही. दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहेत. त्यामुळे नाशिकहून निघाल्यावर डोंगर दोन्ही बाजूंना दिसत राहतात, डावीकडे कळसूबाईची रांग येते, तरी रस्ता मात्र जवळजवळ पठारावरूनच जातो. इगतपुरी ओलांडली की एकदम कडा येतो आणि आठ-दहा किलोमीटरांत आपण तीनशे मीटर खाली कसाऱ्याला पोहोचतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेले हे पठार पूर्वेकडे हळूहळू उतरते आणि पश्चिमेकडे तुटते. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी इतक्या जवळचा अरबी समुद्र सोडून बंगालच्या उपसागराकडे जाते, ती याच रचनेमुळे. २०२५ च्या जूनपासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा खुला झाला आहे, पण त्या मार्गावर दुचाकींना परवानगी नाही. आपल्याला घाट चुकत नाही.

घाट चढताना इंजिनाची परीक्षा होते असे सगळे म्हणतात. खरे तर साध्या १०० सीसी इंजिनालाही ताशी ३० किलोमीटर वेगाने घाट चढायला दोन-अडीच अश्वशक्ती पुरते आणि त्याच्याकडे सात-आठ असते. कठीण असतो तो उतार.

हे आम्हाला कळले ते पुस्तकातून नव्हे. पंचवीसेक वर्षांपूर्वी, कॉलेजात असताना, आईला मागे बसवून आम्ही सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरत होतो. पेट्रोल वाचवायचे म्हणून इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये आणि उजवा पाय ब्रेकवर. ही युक्ती घरातूनच मिळालेली होती आणि नाशिक जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत ती असावी. पहिले काही किलोमीटर मजेत गेले. मग करपल्यासारखा वास आला. पुढच्या वळणाआधी ब्रेक दाबला तर पाय नेहमीपेक्षा खूप खाली गेला आणि वेग मात्र तेवढाच राहिला. पुढचा ब्रेकही तसाच. दरीच्या उलट बाजूला, गटाराकाठी मुरुमाचा ढीग होता. त्यात गाडी घातली. आईचे कोपर सोलटले, बांगड्या फुटल्या. ढीग तिथे नसता तर काय, हा विचार आजही नांदुरीचा फाटा दिसला की येतो.

त्या दिवशी ब्रेक तुटला नव्हता. अर्ध्या तासाने, गार झाल्यावर, तो पुन्हा बऱ्यापैकी लागत होता. मग मधल्या काळात त्याला काय झाले होते?

हिशेब करू. गाडी ११० किलो, चालक ७० आणि सामान २०, म्हणजे २०० किलो धरा. दर शंभर मीटरला सहा मीटर खाली जाणारा पाच किलोमीटरचा रस्ता घ्या, म्हणजे उतरण्याची उंची ३०० मीटर. स्थितिज ऊर्जा = २०० × ९.८ × ३००, म्हणजे सुमारे ५ लाख ८८ हजार ज्यूल. खाली पोहोचल्यावर गाडीचा वेग वर होता तेवढाच असेल, तर ही सगळी ऊर्जा वाटेत कुठेतरी खर्च झालेली असली पाहिजे. ताशी ३० किलोमीटर वेगाने उतरताना हवेचा रोध आणि टायरांचे लोळण-घर्षण मिळून ढोबळमानाने निम्मी ऊर्जा खातात. उरलेले तीन लाख ज्यूल ब्रेकच्या वाट्याला येतात. एक लीटर पाणी उकळीला आणायला एवढी उष्णता लागते. दोघे बसले तर आकडा पाच लाखांच्या जवळ जातो.

आता ही उष्णता जाते कुठे ते पाहा. मागच्या चाकाच्या ड्रमात तापणारे लोखंड तीन किलो धरले आणि लोखंडाची विशिष्ट उष्णता किलोला ४५० ज्यूल प्रति अंश घेतली, तर तीन लाख ज्यूलने त्याचे तापमान २२० अंशांनी वाढेल. उतरायला दहा मिनिटे लागतात, त्यात काही उष्णता हवेला जाते, काही पुढचा ब्रेक घेतो, म्हणून प्रत्यक्षातली वाढ यापेक्षा कमी असेल. पण उतार दुप्पट लांब असला, मागे माणूस बसलेला असला, तर?

ड्रम तापला की दोन गोष्टी घडतात. लोखंड प्रसरण पावते, ड्रमचा व्यास वाढतो आणि त्याची आतली भिंत ब्रेकशूपासून दूर सरकते. पाय खाली खाली जातो तो यामुळे. दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. ब्रेकशूवरच्या लायनरमधले घटक राळेने बांधलेले असतात. तापमान फार वाढले की राळ विघटित होऊन वायू सुटतात, ते लायनर आणि ड्रम यांच्यामध्ये अडकतात आणि घर्षणाचा गुणांक घसरतो. तो करपट वास या राळेचा. पाय कितीही जोराने दाबला तरी दाब वाढतो, घर्षण वाढत नाही.

डिस्क ब्रेकला यातला पहिला त्रास नाही; चकती उघडी असल्याने ती लवकर निवतेही. पण तिथे बल पोहोचवणारा द्रव असतो आणि तो हवेतली आर्द्रता शोषतो. डॉट-३ प्रकारच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा असे मानक सांगते. पाणी शोषलेल्या द्रवासाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो, हे आपण आठवीत शिकवतो. लिव्हर स्पंजासारखा मऊ लागतो तो त्यामुळे. (एबीएस चाकाला जाम होऊ देत नाही, पण तापलेल्या ब्रेकला गार करणे हे त्याचे काम नाही. काही तरुण विद्यार्थ्यांचा इथे गोंधळ होतो.)

म्हणून घाटात गाडी गिअरमध्ये ठेवून, ॲक्सिलरेटर सोडून उतरायचे. इंजिन गाडीला धरून ठेवते. कसे? बहुतेक जण सांगतात की दट्ट्या हवा दाबतो, त्या कामात ऊर्जा जाते. हे अर्धवट आहे. दाबलेली हवा पुढच्याच धावेत दट्ट्याला उलट ढकलते आणि बरीचशी ऊर्जा परत देते. पेट्रोल इंजिनात मुख्य रोध दोन ठिकाणी असतो: अंतर्गत घर्षणात आणि हवा ओढताना. ॲक्सिलरेटर सोडला की हवेची वाट जवळजवळ बंद होते आणि दट्ट्याला अंशतः निर्वातात खाली यावे लागते. या ओढीसाठी केलेले काम सगळे परत मिळत नाही, कारण एक्झॉस्ट झडप उघडताच बाहेरची हवा आत घुसून निर्वात नाहीसा करते. वर्गात एक इंजेक्शनची सिरिंज (सुईशिवाय) घ्या. तोंडावर बोट घट्ट दाबून दट्ट्या आत ढकला आणि सोडा: तो परत येतो. आता बोट किंचित सैल धरून दट्ट्या बाहेर ओढा: हाताला रोध जाणवतो, पण सोडल्यावर दट्ट्या जागेवर परतत नाही. दुसरे उदाहरण आपल्या इंजिनाचे.

चढताना जो गिअर लागेल तोच उतरताना, हा ट्रकचालकांचा जुना नियम दुचाकीलाही चालतो. अपवाद टू-स्ट्रोक गाड्यांचा. त्यांच्या सिलिंडरला वंगण येते ते इंधनाबरोबर. लांब उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद राहिला तर दट्ट्या कोरडा पडून पकडला जाण्याची भीती असते. अशी जुनी गाडी कोणी अजून जपली असेल, तर त्याने मधूनमधून थोडा ॲक्सिलरेटर द्यावा.

वेगाबद्दल एकच आकडा सांगतो. पंधरा मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ३० किलोमीटरला गाडी उभ्या रेषेपासून २५ अंश कलते. ताशी ४० केले की कल ४० अंश होतो, कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. एवढ्या कलाला टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षण गुणांक ०.८४ लागतो. ओल्या रस्त्यावर तेवढा मिळेलच असे नाही, आणि त्याच घर्षणातून ब्रेकलाही वाटा हवा असतो. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, वळणात नव्हे.

कसारा घाटात शेजारूनच रेल्वे जाते. तिचा चढ ३७ मीटरला एक मीटर, भारतीय रेल्वेच्या मुख्य मार्गांवरच्या सर्वांत तीव्र चढांपैकी एक. वर जाणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिने जोडतात. उतरताना मात्र आजची विद्युत इंजिने आपल्या मोटारी जनित्रासारख्या फिरवतात आणि स्थितिज ऊर्जेचा काही भाग वीज म्हणून तारेत परत पाठवतात. आपले ड्रम तापवून आपण जे उधळतो, ते रेल्वे दुसऱ्या गाडीला देते.

कसाऱ्याला चहासाठी थांबलो तेव्हा मागच्या ड्रमजवळ हात नेऊन पाहिला. कोमट होता. शेजारी पेठकडचे एक शिक्षक बसले होते. रोज सावळघाट आणि कोटंबी घाट ओलांडून शाळेला जातात. त्यांनी नेमका प्रश्न विचारला: गिअरमध्ये उतरलो तर पेट्रोल जास्त जात नाही का? कार्ब्युरेटरच्या गाडीत थोडे जाते. पण आताच्या बहुतेक इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांत, गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि इंजिनाचे फेरे पुरेसे असले, की इंधनाचा फवारा बंदच होतो. चाकेच इंजिन फिरवत राहतात. उलट न्यूट्रलमध्ये चालू ठेवलेल्या इंजिनाला धडधडत राहायला इंधन लागतेच. ते ताशी पाव लीटर धरले तरी दहा मिनिटांच्या उतारात चाळीस मिलिलीटर, म्हणजे औषधाच्या लहान बाटलीएवढे. नांदुरीच्या घाटात इंजिन बंद करून आम्ही वाचवलेले पेट्रोल याहून फार जास्त नसणार. ब्रेकशूंच्या दोन्ही जोड्या त्याच आठवड्यात बदलाव्या लागल्या, आणि आई त्यानंतर दोन वर्षे आमच्या मागे बसली नाही.