रुग्णालय प्रशासन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

खाटा, माणसे, औषधे, यंत्रे, नोंदी आणि पैसा यांचा मेळ घालणे म्हणजे रुग्णालय प्रशासन. डॉक्टरांना नीट उपचार करता यावेत आणि रुग्णाला ते वेळेवर मिळावेत, यासाठी हा सारा खटाटोप असतो. रुग्णाच्या नातेवाइकांना मात्र प्रशासन भेटते ते बिलाच्या खिडकीवर, तेही बहुधा कटकटीच्या वेळी. या क्षेत्राविषयीचे बरेचसे गैरसमज तिथेच जन्मतात.

पहिला समज असा की हे काम डॉक्टरांचे, इतरांना त्यात शिरकाव नाही. सरकारी सेवेपुरते यात तथ्य आहे. जिल्हा शल्यचिकित्सक, वैद्यकीय अधीक्षक, वैद्यकीय महाविद्यालयाचे अधिष्ठाता ही पदे डॉक्टरांचीच असतात. दिल्लीची एम्स किंवा पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय (एएफएमसी) येथील रुग्णालय प्रशासनाच्या एमडी अभ्यासक्रमालाही एमबीबीएस झालेल्यांनाच प्रवेश मिळतो. पण दुसरी वाट तितकीच रुळलेली आहे. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, पुण्यातील सिम्बायोसिसची आरोग्यविज्ञान संस्था, जयपूरची आयआयएचएमआर अशा ठिकाणी या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. तिथल्या वर्गांत दंतवैद्य, आयुर्वेद व होमिओपॅथीचे पदवीधर, नर्सिंग आणि फार्मसी केलेले, तसेच वाणिज्य किंवा विज्ञान शाखेचे विद्यार्थीही दिसतात. उलट बाजूचा समजही तितकाच चुकीचा आहे. उत्तम शल्यविशारद आपोआप उत्तम प्रशासक होत नाही. वर्षानुवर्षे शस्त्रक्रियागृहात काढलेल्या माणसाला निविदा, कामगार कायदे आणि अंदाजपत्रक नव्यानेच शिकावे लागते.

प्रशासन म्हणजे बिले आणि केसपेपर सांभाळण्याचे कारकुनी काम, हा समज सर्वांत चिवट. एका साध्या हिशेबाने तो तपासता येतो. 100 खाटांच्या रुग्णालयात वर्षभर सरासरी 80 टक्के खाटा भरलेल्या असतील, तर 29,200 खाटा-दिवस वापरले जातात. रुग्णाचा सरासरी मुक्काम 5 दिवसांचा असेल तर वर्षाला 5,840 रुग्ण दाखल होऊ शकतात. तोच मुक्काम 4 दिवसांवर आला तर 7,300. एकही खाट न वाढवता 1,460 जादा रुग्णांची सोय झाली. हा एक दिवस रुग्णाला अर्ध्या उपचारांवर घरी धाडून वाचवायचा नसतो, तो वाट पाहण्यात वाया गेलेल्या तासांतून वाचवायचा असतो. तपासणीचा अहवाल संध्याकाळऐवजी दुपारी मिळणे, शस्त्रक्रियेची तारीख दाखल होण्यापूर्वीच ठरणे, सोनोग्राफी शनिवार-रविवारीही चालू राहणे, अशा गोष्टींतून ते तास हाती लागतात.

डिस्चार्जचे उदाहरण घ्यावे. डॉक्टर सकाळच्या राउंडला ‘आज घरी जा’ म्हणतात आणि रुग्ण संध्याकाळी बाहेर पडतो. ‘मुद्दाम अडकवून ठेवतात’ असा नातेवाइकांचा संशय असतो. मधल्या वेळात निवासी डॉक्टर डिस्चार्ज समरी लिहितात, वॉर्डातली उरलेली औषधे औषधालयात परत जातात, प्रयोगशाळा व क्ष-किरण विभाग आपापल्या नोंदी पूर्ण करतात, बिल तयार होते आणि कॅशलेस विमा असेल तर ते टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे जाते. यांपैकी एक दुवा अडला की पुढचे सारे खोळंबतात. विमा नियामक संस्थेने मे 2024 मध्ये नियम घालून दिला: कॅशलेसची पहिली विनंती आल्यापासून एका तासात निर्णय आणि डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी. परंतु हे घड्याळ विमा कंपनीसाठी आहे आणि रुग्णालयाने कागद धाडल्यावरच ते सुरू होते. त्याआधीचा वेळ कमी करणे हे प्रशासकाचेच काम. संभाव्य डिस्चार्जची यादी आदल्या संध्याकाळी तयार ठेवणारी रुग्णालये हा वेळ बराच वाचवतात.

व्यवस्थापनाचा रुग्णाच्या जीवाशी थेट संबंध नाही, असेही मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची तपासणी यादी तयार केली. रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रिया कोणत्या बाजूची, ॲलर्जी आहे का, साधने आणि गॉज मोजले का, असे हे साधे प्रश्न. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. ना नवे औषध, ना नवे यंत्र. गंमत पुढे आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ही यादी बंधनकारक झाली, तेव्हा 101 रुग्णालयांच्या 2014 मधील अभ्यासात लक्षणीय फरक आढळला नाही. यादी छापून वाटणे आणि ती रोज, प्रत्येक टेबलावर, खरोखर वाचली जाणे यांत अंतर असते, असा अर्थ अनेक तज्ज्ञांनी त्यातून काढला. हे अंतर कमी करणे हाच व्यवस्थापनाचा गाभा.

महाराष्ट्राने याची किंमत मोजली आहे. 9 जानेवारी 2021 रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला लागलेल्या आगीत 10 बालके दगावली. त्याच वर्षी 21 एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि 20 हून अधिक रुग्णांचे प्राण गेले. विजेचा भार, धोक्याची सूचना देणारी यंत्रणा, बाहेर पडण्याचे मार्ग, टाकीची देखभाल हे विषय औषधशास्त्राच्या पुस्तकात नसतात. राज्याच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. जैववैद्यकीय कचऱ्याचेही तसेच. 2016 च्या नियमांप्रमाणे तो पिवळ्या, लाल, पांढऱ्या व निळ्या रंगांच्या पिशव्या-डब्यांत वेगळा करायचा आणि उपचार न केलेला कचरा 48 तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. वापरलेली सुई चुकून पिशवीत गेली तर ती टोचते कचरा उचलणाऱ्या मामा-मावशींना. म्हणून त्यांचे प्रशिक्षण आणि लसीकरण हीदेखील प्रशासनाचीच जबाबदारी ठरते.

व्यवस्थापन आले की नफेखोरी आली, ही भीती निराधार नाही. मात्र व्यवस्थापनाचा तो एकच उपयोग नव्हे. 1976 मध्ये डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर मदुराईत 11 खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. 1981 मध्ये आर. डी. तुलसीराज हे व्यवस्थापन शिकलेले गृहस्थ तिथे प्रशासक म्हणून आले. एका शल्यविशारदासाठी दोन टेबले, एकावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार, पूर्वतयारीची कामे प्रशिक्षित सहायक मुलींकडे, अशी तिथली पद्धत. 1992 मध्ये संस्थेने डोळ्यात बसवायची भिंगे स्वतः बनवायला सुरुवात केली आणि त्यांची किंमत आयात भिंगांच्या तुलनेत कित्येक पटींनी उतरली. तिथल्या निम्म्याहून अधिक रुग्णांवर मोफत किंवा नाममात्र दरात उपचार होतात, आणि पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून तो खर्च निघतो. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना तर कायद्यानेच 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात, एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. या खाटा गरजूपर्यंत पोहोचतात की फलकावरच राहतात, हे प्रशासकाच्या हेतूवर आणि वैद्यकीय समाजसेवकाच्या चिकाटीवर ठरते.

पदवी घेताच वातानुकूलित केबिन मिळते, हा विद्यार्थ्यांचा लाडका गैरसमज. सुरुवात बहुधा वॉर्ड समन्वयक, टीपीए विभाग, वैद्यकीय अभिलेख विभाग किंवा गुणवत्ता विभागातील कनिष्ठ पदापासून होते. रात्रपाळी असते, चिडलेल्या नातेवाइकांचा पहिला मारा झेलावा लागतो. 2005 मध्ये स्थापन झालेल्या एनएबीएच या मानांकन मंडळामुळे गुणवत्ता विभागात नवी पदे निर्माण झाली. रुग्णालयाबाहेरही विमा कंपन्या, आरोग्यविषयक सॉफ्टवेअर, रुग्णालय उभारणीचा सल्ला आणि स्वयंसेवी संस्था येथे या पदवीधरांना काम मिळते. राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्हा कार्यक्रम व्यवस्थापकासारखी पदे आहेत, पण ती कंत्राटी असतात, हे आधीच समजून घ्यावे.

डॉक्टर, परिचारिका व फार्मासिस्ट यांना परिषदेची नोंदणी लागते. भारतात रुग्णालय प्रशासकासाठी डॉक्टरांसारखी वैधानिक नोंदणी नाही, त्यामुळे कोणीही कसलाही अभ्यासक्रम काढून आकर्षक नाव देऊ शकतो. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला आणि पदवीला यूजीसी किंवा एआयसीटीईची मान्यता आहे का, आणि चालू रुग्णालयात किती महिने प्रत्यक्ष काम करायला मिळते, या दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात.