विश्लेषण : हिवाळ्यात सायकल पहाटे चालवावी की ऊन वर आल्यावर?

थंडी पडली की पिंपरी-चिंचवडमध्ये माळ्यावरच्या सायकली खाली येतात. निगडीची दुर्गा टेकडी, भक्ती-शक्ती उद्यानाचा परिसर, देहू-आळंदीचे रस्ते ही सायकलस्वारांची आवडती ठिकाणे. ‘सकाळची शुद्ध हवा’ मिळावी म्हणून अनेक जण उजाडण्याआधीच निघतात. उद्योगनगरीत मात्र हिवाळ्यात हा हिशेब उलटा पडू शकतो. ऊन वर आल्यावर रमतगमत मारलेली फेरी फुप्फुसांना अधिक मानवते.

पहाटेची हवा खराब का असते?

हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि वारा मंद असतो. रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते. वरचा थर मात्र तुलनेने उबदार राहतो. याला तापमानाची विपरितता म्हणतात. पातेल्यावर झाकण ठेवावे तसा हा उबदार थर काम करतो. भोसरी, तळवडे, चाकणमधील कारखाने, पुणे-नाशिक महामार्गावरचे ट्रक, रस्त्याकडेच्या शेकोट्या यांचा धूर या झाकणाखाली साचतो. त्यातील पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, फुप्फुसांत खोलवर पोहोचतात.

ऊन वर आल्यावर काय बदलते?

पुणे परिसरात जानेवारीत सरासरी किमान तापमान १२ अंशांच्या, तर कमाल ३० अंशांच्या आसपास असते. सूर्योदय सातनंतर होतो. जमीन तापू लागली की लगतची हवा हलकी होऊन वर जाते, झाकण फुटते आणि धूर मोठ्या उंचीत पसरून विरळ होतो. त्यामुळे साधारण दहानंतर, कार्यालयीन गर्दीही ओसरल्यावर, धूलिकण कमी होऊ लागतात. सूर्यास्तानंतर ते पुन्हा साचतात. कडक उन्हात ओझोन वायू मात्र वाढू शकतो. दम्याच्या रुग्णांनी भर दुपार टाळलेली बरी.

वेगाचा काय संबंध?

शांत बसलेला प्रौढ मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत घेतो. सायकल चालवताना हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते, जोर लावला तर आणखी. श्वासही तोंडाने घेतला जातो, म्हणजे नाकाची गाळणी टळते. सोपी कसोटी अशी : पेडल मारताना शेजारच्याशी सलग बोलता आले, तर वेग योग्य. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे. रोज अर्धा तास, पाच दिवस, इतके त्यासाठी पुरते.

उद्यानाचा फायदा काय?

वाहनांचा धूर रस्त्याच्या कडेला सर्वाधिक असतो. थोडे आत गेले की तो बराच कमी होतो. ट्रान्सपोर्टनगरीच्या बाजूला असलेल्या दुर्गा टेकडीची झाडी म्हणूनच मोलाची. मात्र उद्यानांतील वाटा प्रामुख्याने पायी चालणाऱ्यांसाठी असतात. सायकल आत न्यायची परवानगी आहे का, हे प्रवेशद्वारावर विचारून घ्यावे. नसल्यास बाहेरचे कमी वर्दळीचे रस्ते निवडावेत.

पाळीत काम करणाऱ्यांनी काय करावे?

पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली. त्या काळात कामगाराचे वाहन म्हणजे सायकल. आज कंपनीची बस आहे आणि सायकल व्यायामापुरती उरली आहे. नाइट शिफ्ट सुटल्यावर थेट सायकलवर बसणे दुहेरी घातक : हवा साचलेली आणि डोळ्यांवर झोप. आधी झोप घेऊन दुपारनंतर निघावे. फर्स्ट शिफ्टवाल्यांना सुटल्यापासून अंधार पडेपर्यंतचा वेळ सोयीचा. ज्यांना पहाटेशिवाय सवडच नाही, त्यांनी मुख्य रस्ते टाळून वेग कमी ठेवावा.

निघण्यापूर्वी काय पाहावे?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर हवा गुणवत्ता निर्देशांक दिसतो. ० ते ५० चांगला, ५१ ते १०० समाधानकारक, १०१ ते २०० मध्यम. २०० च्या पुढे ‘खराब’ श्रेणी सुरू होते. त्या दिवशी सायकल घरीच ठेवावी. मध्यम श्रेणीतही लहान मुले, ज्येष्ठ आणि दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी फेरी आखूड करावी. घरून निघताना आकडा पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही.