सेंटरचे लुईस

मंडळी, फुटबॉल म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पायाने मारायचा गोल चेंडू येतो. अमेरिकेतल्या कॉलेजांचा फुटबॉल निराळा बरं का! चेंडू लांबट. तो बगलेत धरून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर येऊन पाडायचं. आपल्या कबड्डीतली पकड आठवा, म्हणजे निम्मा खेळ कळला.

या खेळात विल्यम हेन्री लुईस यांनी नाव काढलं. जन्म 1868 चा, व्हर्जिनियातला. आईवडील पूर्वी गुलामगिरीत होते. अॅम्हर्स्ट कॉलेजात ते संघाचे कप्तान झाले, मग कायदा शिकायला हार्वर्डला गेले आणि तिथेही खेळले. त्यांची जागा सेंटरची, म्हणजे रांगेच्या मधोमध. चेंडू मागे द्यायचा आणि लगेच समोरचा धक्का झेलायचा. इथे धिप्पाड गडी हवा. लुईस भरले जेमतेम ऐंशी किलो, पण डोकं भारी! 1892 साली देशातल्या निवडक अकरांत त्यांचं नाव आलं. हा मान मिळालेले ते पहिले काळे खेळाडू.

आणि पुढच्याच वर्षी हार्वर्डजवळच्या एका सलूनवाल्याने त्यांची हजामत करायचं नाकारलं. हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. लुईस कायद्याचे विद्यार्थी. त्यांनी विधिमंडळाकडे धाव घेतली. त्याच साली मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात सलूनचा स्पष्ट उल्लेख आला. त्या हंगामातही ते निवडक अकरांत होतेच.

1895 पासून 1906 पर्यंत त्यांनी हार्वर्डच्या खेळाडूंना शिकवलं. 1896 साली खेळावर पुस्तकही लिहिलं. पूर्वी दोन्ही रांगा नाकाला नाक लावून उभ्या राहत. त्या गर्दीत कोण ठोसा मारतो, हे पंचाला दिसत नसे. माणसं दगावू लागली, तेव्हा 1905 साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनाही लक्ष घालावं लागलं. दोन रांगांमध्ये चेंडूच्या लांबीएवढी मोकळी जागा ठेवावी, ही सूचना लुईस यांची मानतात. 1906 च्या नियमांत ती आली. तो पट्टा आजही आहे. शिक्षकमित्रांनो, मुलांना मैदानावर फक्की टाकून दाखवा: केवढीशी जागा, पण पुढे कोण सरकला ते लगेच दिसतं.

वकिलीतही ते चढत गेले. 1911 साली देशाचे सहायक महान्यायवादी झाले. मात्र वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यांना सभासद करून घेतल्यावर वर्ण समजताच काहींनी काढून टाकायचा घाट घातला. लुईस यांनी राजीनामा दिला नाही. ते राहिले, पण पुढच्या अर्जदारांना आपला वर्ण लिहून देण्याची सक्ती 1912 साली झाली.