छपाईयंत्राची निवड : आधी मीटरचा हिशेब, मग कर्जाचा अर्ज

कापडावरील छपाई आणि जयपूर यांचे नाते फार जुने आहे. सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये वसविलेल्या या नगरीच्या दक्षिणेस सांगानेर आणि नैर्ऋत्येस बगरू ही छीपा कारागिरांची दोन प्रसिद्ध गावे आहेत. पांढऱ्या पार्श्वभूमीवरील नाजूक फुलवेली ही सांगानेरची ओळख, तर चिखलाचा लेप देऊन केलेली ‘दाबू’ छपाई आणि नैसर्गिक रंग ही बगरूची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडी ठशांच्या जोडीला स्क्रीन छपाई आली आणि उत्पादनाचे प्रमाण अनेक पटींनी वाढले. पुढे सीतापुरा औद्योगिक क्षेत्रात तयार कपड्यांचे कारखाने उभे राहिले.

या परंपरेत अलीकडे एक नवी शाखा फुटली आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी साठ टी-शर्ट, एखाद्या हॉटेलच्या कर्मचाऱ्यांसाठी पंचवीस गणवेश, लग्नसमारंभातील मित्रमंडळींसाठी दहाच सदरे, अशा लहान मागण्या पुरविणारे छोटे व्यवसाय शहरात सुरू होत आहेत. त्यांच्या दृष्टीने सर्वांत आकर्षक ठरलेले यंत्र म्हणजे ‘डायरेक्ट टू फिल्म’, अर्थात डीटीएफ प्रिंटर. हे यंत्र घेण्यासाठी कर्ज हवे असणाऱ्या उद्योजकाने आणि त्या प्रस्तावाची छाननी करणाऱ्या शाखेतील अधिकाऱ्याने कोणत्या बाबी पाहाव्यात, याचा विचार येथे केला आहे.

तंत्राचे स्वरूप

या पद्धतीत चित्र थेट कापडावर छापले जात नाही. विशिष्ट लेप दिलेल्या पारदर्शक पॉलिस्टर फिल्मवर प्रथम रंगीत शाई आणि तिच्यावर पांढऱ्या शाईचा थर उलट्या प्रतिमेत छापला जातो. शाई ओली असतानाच तिच्यावर उष्णतेने वितळणारी चिकट भुकटी पसरतात. जास्तीची भुकटी झटकून फिल्म तापविली की भुकटी वितळून चित्राशी एकजीव होते. मग ही फिल्म कपड्यावर ठेवून साधारण १५० ते १६५ अंश सेल्सिअस तापमानाला दहा ते पंधरा सेकंद दाबतात आणि फिल्म सोलून काढतात. चित्र कापडावर राहते.

स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी तयार करावी लागते, म्हणून ती मोठ्या संख्येलाच परवडते. सब्लिमेशन पद्धत पॉलिस्टरवर आणि तीही फिकट रंगांवरच खुलते. डीटीएफला यांपैकी कोणतेच बंधन नाही. सुती, पॉलिस्टर वा मिश्र, फिकट वा गडद अशा बहुतेक कापडांवर आणि अगदी एका नगापासून काम होऊ शकते. मात्र चित्र हा कापडावर बसलेला एक पातळ थरच असतो. छातीभर पसरलेल्या भरीव चित्राखाली हवा खेळत नाही आणि स्पर्शालाही तो थर जाणवतो. जयपूरच्या उन्हाळ्यात वापरायच्या कपड्यांसाठी ही मर्यादा ग्राहकाला आधीच सांगितलेली बरी.

पांढरी शाई : खर्चाचे खरे मूळ

यंत्राच्या जाहिरातीत वेग आणि किंमत ठळकपणे दिलेली असते. प्रत्यक्षात यंत्राचे आयुष्य ठरते ते पांढऱ्या शाईवरून. या शाईतील टायटॅनियम डायऑक्साइडचे कण द्रवापेक्षा बरेच जड असतात आणि शाई स्थिर राहिली की ते तळाशी बसतात. प्रिंटहेडची सूक्ष्म छिद्रे त्यांनी बुजली, तर प्रथम चित्रात रेषा उमटू लागतात आणि दुर्लक्ष झाल्यास प्रिंटहेडच बदलावे लागते. हा यंत्रातील सर्वांत महाग भागांपैकी एक होय आणि छिद्रे बुजल्याने झालेले नुकसान बहुधा हमीत समाविष्ट नसते.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. पुष्कळ यंत्रे वापराने झिजतात. हे यंत्र न वापरल्यानेही बिघडते. आठवड्यातून दोनच दिवस काम असले, तरी उरलेल्या दिवशी छिद्रे साफ करण्यासाठी शाई खर्ची पडतेच. म्हणून खरेदीपूर्वीचा पहिला प्रश्न ‘यंत्र ताशी किती छापते?’ हा नसून ‘आपल्याकडे रोज किती मीटरचे काम आहे?’ हा असला पाहिजे.

मीटरचा हिशेब

बाजारात डीटीएफ छपाई मीटरच्या दराने करून देणारे व्यावसायिक असतात. उद्योजक त्यांच्याकडून छापील फिल्म घेऊन, स्वतःजवळ केवळ हीट प्रेस ठेवूनही व्यवसाय करू शकतो. स्वतःचा प्रिंटर घेणे या पर्यायापेक्षा केव्हा लाभदायक ठरेल, हे पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल. यातील रकमा केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी गृहीत धरल्या आहेत.

समजा, ६० सेंटिमीटर रुंदीचा प्रिंटर आणि भुकटी लावून तापविणारे जोडयंत्र यांची किंमत ८ लाख रुपये आहे. उद्योजकाने २ लाख रुपये स्वतः घातले आणि ६ लाखांचे कर्ज साडेदहा टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १९,५०० रुपये होईल. कारागिराचे वेतन १५,००० रुपये आणि वीज, जागा व देखभाल यांचे १०,५०० रुपये धरल्यास दरमहा ४५,००० रुपयांचा स्थिर खर्च येतो. बाहेरून छापून घेण्याचा दर मीटरला २०० रुपये आणि स्वतः छापल्यास शाई, फिल्म व भुकटी यांचा खर्च ११० रुपये असेल, तर मीटरमागे ९० रुपये वाचतात. म्हणजेच केवळ खर्च भरून निघण्यासाठी महिन्याला ५०० मीटर, अर्थात पंचवीस कामाच्या दिवसांत रोज २० मीटर छपाई हवी.

छातीवरील २८ सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच चित्रे एका मीटरमध्ये साधारण सहा बसतात. त्यामुळे २० मीटर म्हणजे रोज सुमारे १२० टी-शर्ट. त्यातही दहा टक्के छपाई वाया गेली, तर चांगल्या मीटरमागील साहित्यखर्च १२२ रुपयांवर जातो आणि हीच मर्यादा रोज २३ मीटरवर पोहोचते. मागणी याच्या निम्मी असेल, तर यंत्र कितीही उत्तम असले तरी हप्ता भरण्यासाठी पैसे व्यवसायाबाहेरून आणावे लागतील. अशा उद्योजकाने काही महिने बाहेरून छपाई करून घ्यावी, प्रत्येक महिन्याच्या मीटरची नोंद ठेवावी आणि तीच नोंद पुढे कर्जाच्या अर्जासोबत जोडावी. छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याला अंदाजपत्रकापेक्षा ही नोंद अधिक विश्वसनीय वाटेल.

यंत्र निवडताना

मागणी पुरेशी आहे असे दिसल्यावर यंत्राकडे वळावे. काही छोटी यंत्रे कागदावर छायाचित्रे छापणाऱ्या प्रिंटरमध्ये बदल करून बनविलेली असतात. ती स्वस्त पडतात व शिकण्यास उपयोगी ठरतात, परंतु रोजच्या सलग उत्पादनासाठी ती मुळात घडविलेली नसतात. औद्योगिक वापराचे प्रिंटहेड महाग असले, तरी त्यांचे अपेक्षित आयुष्य जास्त असते. विक्रेत्याला पुढील प्रश्न अवश्य विचारावेत.

पांढरी शाई ढवळण्याची व सतत फिरती ठेवण्याची सोय आहे काय? सांगितलेला वेग कोणत्या दर्जाच्या छपाईचा आहे? प्रिंटहेडच्या फेऱ्या वाढविल्या की दर्जा सुधारतो, पण वेग घटतो. म्हणून ज्या दर्जाचा माल विकायचा आहे, त्याच दर्जाचा वेग विचारात घ्यावा. नव्या प्रिंटहेडची किंमत काय आणि ते किती दिवसांत मिळेल? तंत्रज्ञ जयपूरमध्येच आहे की दिल्लीहून येणार? चित्राचे रूपांतर करणारे सॉफ्टवेअर परवानाधारक आहे काय?

प्रात्यक्षिक विक्रेत्याच्या आकर्षक चित्रावर न पाहता स्वतःच्या चित्रावर पाहावे. बारीक अक्षरे, गडद सुती कापड आणि लाल पॉलिस्टरची खेळाची जर्सी असे तीन नमुने करून घ्यावेत. उष्णतेने पॉलिस्टरमधील रंग सुटून पांढऱ्या चित्रावर गुलाबी झाक येऊ शकते आणि हा दोष काही दिवसांनीही प्रकट होतो. नमुने दहा वेळा धुऊन, ताणून पाहिल्यानंतरच निर्णय घ्यावा.

जयपूरचे हवामान

या यंत्रांना साधारण २० ते २८ अंश तापमान आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. जयपूरमध्ये मे-जून महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी होते आणि धुळीची वादळे येतात. कोरड्या हवेत छिद्रांवरील शाई लवकर वाळते आणि फिल्मवर स्थिर विद्युत निर्माण होऊन भुकटी नको तेथे चिकटते. पावसाळ्यात याच्या उलट घडते. फिल्म ओलावा शोषते आणि तिच्या कोऱ्या भागालाही भुकटी धरते. त्यामुळे बंदिस्त खोली, वातानुकूलन, आर्द्रतामापक आणि उन्हाळ्यात आर्द्रता वाढविणारे साधन यांचा खर्च प्रकल्पखर्चातच धरावा. छपाई चालू असताना वीज गेल्यास नुकसान होते, म्हणून योग्य क्षमतेचा यूपीएस व चांगले अर्थिंग हवे. भुकटी वितळताना निघणारा धूर बाहेर नेण्याची व्यवस्था कामगारांच्या आरोग्यासाठी आवश्यक आहे. दिवाळीच्या सुटीत यंत्र कोण चालू ठेवणार, हेही आधीच ठरवावे.

कर्ज व कायदेशीर बाबी

२०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ५० हजार रुपयांपर्यंत ‘शिशु’, त्यापुढे ५ लाखांपर्यंत ‘किशोर’ आणि १० लाखांपर्यंत ‘तरुण’ असे गट आहेत. ‘तरुण’ गटातील कर्ज यशस्वीपणे फेडणाऱ्यांसाठी २० लाखांपर्यंतचा ‘तरुण प्लस’ गट २०२४ मध्ये जोडण्यात आला. उद्यम नोंदणी ऑनलाइन व निःशुल्क होते. यंत्रासाठी मुदत कर्ज आणि शाई, फिल्म व कोऱ्या टी-शर्टसाठी खेळते भांडवल अशी स्वतंत्र मागणी करावी. खेळत्या भांडवलातून यंत्र घेतल्यास पहिल्याच मोठ्या मागणीच्या वेळी कच्च्या मालासाठी पैसा उरत नाही. कर्जाची मुदत यंत्राच्या उपयुक्त आयुष्यापेक्षा जास्त नसावी आणि एका प्रिंटहेडच्या किमतीइतकी रक्कम हळूहळू बाजूला ठेवावी.

चित्रपटांतील पात्रे, क्रिकेट संघांची बोधचिन्हे किंवा नामांकित कंपन्यांच्या मुद्रा परवानगीविना छापणे हा कॉपीराइट व ट्रेडमार्क कायद्यांचा भंग ठरू शकतो. जयपूरमध्ये आणखी एक दक्षता हवी. सांगानेरी व बगरू येथील हाताच्या ठसेछपाईला भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षण आहे. यंत्राने छापलेली तशीच नक्षी त्या नावाने विकणे कायद्याला धरून नाही आणि ज्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या हे नाव मिळविले, त्यांच्यावर तो अन्यायही आहे. नव्या तंत्राला लहान मागण्यांचे स्वतःचे क्षेत्र उपलब्ध आहे. त्यासाठी जुन्या नावाचा आधार घेण्याचे कारण नाही.

यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते, परंतु ते रिकामे राहण्याची किंमत दररोज मोजावी लागते. जो उद्योजक आपल्या मीटरचा हिशेब शाखेत घेऊन येतो, त्याच्या प्रस्तावावर निर्णय घेणे अधिकाऱ्याला सोपे जाते. आणि हिशेबाअंती ‘अद्याप वेळ आलेली नाही’ असे उत्तर मिळाले, तर त्या उद्योजकाला कर्ज टाळता येते, ग्राहक सांभाळता येतात आणि पुढील वर्षी अधिक भक्कम आकड्यांनिशी पुन्हा अर्ज करता येतो.