मुलांस शाळेंत पोंचविण्याचें मोफत वाहन आणि गांवाची संमति

शेतकीच्या मासिकांत शाळेच्या गाडीचा विषय कशासाठीं, असें कोणी वाचक विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्या वाडीवरून शाळा उठते त्या वाडीवरून कांहीं वर्षांनीं माणूसहि उठूं लागतें. प्रथम सालगडी जातो. कारण सकाळीं कामावर हजर व्हावयाचें कीं पोरास दूरच्या शाळेंत पोंचवावयाचें, हा पेंच त्यास रोजचा होऊन बसतो. मागाहून मालकाची सून मुलांच्या शिक्षणासाठीं तालुक्याच्या गांवीं खोली करून राहते, आणि शेत एकट्या म्हाताऱ्या माणसांवर पडतें. तीर्थपुरीच्या आसमंतांत ऊस-मोसंबीच्या बागाइतीमुळें पुष्कळ कुटुंबें गांवठाण सोडून मळ्यांतच वस्ती करून आहेत. त्यांच्या दृष्टीनें शाळा किती दूर व तेथें मूल जाणार कसें, हा प्रश्न पाण्याच्या प्रश्नाइतकाच जवळचा आहे.

हा प्रश्न आज उपस्थित झाला असें नाहीं. २०१७ च्या डिसेंबरांत राज्य सरकारनें दहांहून कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून त्यांतील मुलें जवळच्या शाळांत सामावून घेण्याचें ठरविलें, तेव्हां राज्यभर आक्षेप निघाले. पुढें २१ सप्टेंबर २०२३ रोजीं शिक्षण आयुक्तालयानें पत्र काढून, वीसपर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागविले. त्या वेळच्या आंकड्यांप्रमाणें राज्यांत अशा शाळा १४,७८३, त्यांतील मुलें १,८५,४६७ व शिक्षक २९,७०७ होते. पुणें जिल्ह्यांतील पानशेत व नंदुरबार जिल्ह्यांतील तोरणमाळ येथील प्रयोग नमुन्यादाखल पुढें ठेवण्यांत आले. प्रस्तावांस मुदत मिळाली ती सुमारें तीन आठवड्यांची. आणि ते दिवस सोयाबीनच्या काढणीच्या ऐन धांदलीचे! ज्या आईबापांच्या मुलांचा हा विचार चालला होता, ते त्या वेळीं कोठें होते हें शेतकऱ्यांस सांगावयास नको.

सरकारपक्षाचें म्हणणें अगदींच पोकळ आहे असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. वरील आंकड्यांचा हिशेब केला तर दर शाळेमागें सरासरी बारा-तेरा मुलें येतात. एक-दोन शिक्षकांनीं चार-पांच इयत्ता एकाच खोलींत संभाळाव्या, त्यांतच दुपारच्या खिचडीचा हिशेब व सरकारी माहितीचे तक्ते भरावे, असा तेथला कारभार. खेळावयास जोडीदार नाहीं, चढाओढ नाहीं. चांगली मोठी शाळा, पुरेसे शिक्षक आणि वेळेवर येणारी गाडी मिळत असेल तर कित्येक आईबाप ती आनंदानें पत्करतील. आमचा आक्षेप शाळा एकत्र करण्याच्या कल्पनेवर नाहीं. शाळा जाते ती कायमची, आणि गाडी मिळते ती मात्र वर्षावर्षाच्या मंजुरीवर, हा व्यवहार बरोबरीचा नाहीं, एवढेंच आमचें सांगणें आहे.

याविषयीं कायदा काय म्हणतो तें थोडें पाहूं. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ मध्यें झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. मुलाच्या घराशेजारच्या टापूंत शाळा उपलब्ध करून देणें हें त्यानें सरकारचें व स्थानिक संस्थेचें कर्तव्य ठरविलें. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत हें अंतर पहिली ते पांचवीसाठीं १ किलोमीटर व सहावी ते आठवीसाठीं ३ किलोमीटर असें धरलें आहे. त्याच नियमांत किमान वीस मुलें उपलब्ध असण्याची अटहि आहे, हें विसरतां कामा नये. लहान शाळेवर बोट ठेवणारास तिचा आधार घेतां येतो. पण केंद्राच्या नमुना नियमांत आणखी दोन गोष्टी आहेत, त्या आमच्या लोकांस फारशा ठाऊक नसतात. एक अशी कीं, पुराचें भय, रस्त्याचा अभाव किंवा अवघड प्रदेश असेल तेथें हें अंतर कमी करून शाळेची जागा ठरवावी. दुसरी अशी कीं, ज्या लहान वस्त्यांजवळ ठरलेल्या अंतरांत शाळाच नाहीं, तेथील मुलांसाठीं मोफत वाहन किंवा निवासाची सोय सरकारनें करावी. म्हणजे मोफत वाहन ही मेहेरबानी नव्हे. शाळा जवळ देतां येत नाहीं, त्याची ती भरपाई आहे.

आमच्या भागांतील बागाइतदारास हा भेद एका उदाहरणानें चटकन् कळेल. गांवांतली शाळा ही आपल्या विहिरीसारखी; पाणी कमी असो वा जास्त, मोट आपल्या हातीं. गाडीची सोय ही जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाळीसारखी. पाळी मिळाली तर उत्तम. पण ती केव्हां सुटेल, किती दिवस चालेल व शेवटच्या चारीपर्यंत पोंचेल कीं नाहीं, हें ठरविणारे दुसरे. कालव्याच्या भरंवशावर कोणी शहाणा शेतकरी आपली विहीर बुजवीत नाहीं.

आतां पैशाचा हिशेब. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेंत दूरच्या वस्तीवरील मुलाच्या ने-आणीसाठीं वर्षास जास्तींत जास्त ६,००० रुपये धरण्यांत आले, आणि पुढें २०२१ मध्यें माध्यमिक वर्गांसहि ती सोय लागू केली गेली. कायद्यानें पहिली ते पांचवीची शाळा वर्षांतून निदान २०० दिवस भरली पाहिजे. म्हणजे पूर्ण रक्कम हातीं आली तरी दर मुलामागें दिवसास ३० रुपये झाले. दहा मुलांच्या वाडीस दिवसाचे ३०० रुपये. एवढ्यांत गाडीवाल्यानें सकाळीं व संध्याकाळीं खेप करावी, इंधन घालावें, विमा भरावा, आणि मुलांबरोबर एक माणूसहि ठेवावें! खडीचा रस्ता असेल तर टायरांचाच खर्च किती, हें ट्रॅक्टर बाळगणारास विचारावें. बरें, रक्कम पालकाच्या खात्यांत उशिरानें पडणार असेल तर मधल्या महिन्यांत गाडीवाल्यास कोण थांबवून धरणार? म्हणून एकाच गाडीवर दोन-तीन वाड्यांचीं मुलें कोंबण्याचा मोह होतो, व तेथूनच धोक्यास आरंभ होतो. राज्याच्या २०११ च्या शालेय बस नियमांत प्रत्येक शाळेंत मुख्याध्यापकाच्या अध्यक्षतेखालीं परिवहन समिति असावी व मुली प्रवास करीत असल्यास गाडींत स्त्री-सहायक असावी, असें सांगितलें आहे. हा खर्च वरील तीस रुपयांत बसतो काय, हें ज्यानें त्यानें पडताळून पाहावें.

कोणी म्हणेल, एस्. टी. आहे ना? एस्. टी.चे उपकार ग्रामीण मुलींवर खरोखरच मोठे आहेत. १९९६ पासूनच्या अहिल्याबाई होळकर योजनेनें पांचवीपासून पुढच्या ग्रामीण मुलींस मोफत पास मिळूं लागला. प्रथम दहावीपर्यंत, व पुढें बारावीपर्यंत. इतर विद्यार्थ्यांस मासिक पासांत ६६.६७ टक्के सवलत आहे. मानव विकास कार्यक्रमानें राज्यांतील १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठीं खास बसगाड्या दिल्या, व जवळ अंतर असेल तेथें सायकली दिल्या. ज्या मुली एरवीं सातवीनंतर घरीं बसल्या असत्या, त्या या गाड्यांमुळें कॉलेजापर्यंत पोंचल्या, हें आम्ही खेडोपाडीं डोळ्यांनीं पाहतों.

परंतु यांत एक मोठी फट राहते. वीसाच्या आंतील पटाच्या शाळा बहुतेक पहिली ते चौथी-पांचवीच्या. एस्. टी.च्या मोफत पासाचा आरंभ होतो पांचवीपासून, व मानव विकासच्या गाडीचा आठवीपासून. म्हणजे ज्या सहा-सात वर्षांच्या पोरांची शाळा हलविण्याची भाषा चालते, नेमकीं तींच या दोन्ही सोयींबाहेर राहतात. आणि मुलगे तर त्यांत कोठेंच नाहींत. शिवाय इतकें लहान मूल फाट्यावर उभें राहून एकटें गर्दीच्या बसमध्यें चढणार कसें? फाट्यापासून वस्ती आणखी आंत असते ती वेगळीच. आणि चालू सोय किती दिवस बंद पडूं शकते याचाहि अनुभव गांठीं आहे. २०२१ च्या ऑक्टोबर अखेरीस सुरू झालेला एस्. टी. कामगारांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. कामगारांचीं गाऱ्हाणीं खरीं असतील, त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. पण ज्यांची शाळा गांवांतच होती त्यांस त्या महिन्यांत बसची वाट पाहावी लागली नाहीं, एवढें खरें.

अंतराच्या मोजमापाविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे, कारण गांवकरी बहुधा येथेंच फसतात. कागदावर दोन ठिकाणांमध्यें सरळ रेघ ओढली तर अंतर ८०० मीटर भरतें, आणि मधल्या ओढ्यास पाणी आलें कीं तेंच चार किलोमीटरांचा वळसा होतें. गंगापूर तालुक्यांतील भिव धानोरा येथील मुलें जायकवाडीच्या फुगवट्याच्या पाण्यांतून थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून शाळेस जात असल्याची हकीकत २०२३ मध्यें उघड झाली, तेव्हां मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें तिची आपण होऊन दखल घेतली. त्याच्या आदल्या वर्षीं, २०२२ च्या जानेवारींत, सातारा जिल्ह्यांतील खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवून कोयनेचें पाणी ओलांडीत शाळेस जातात, या बातमीवरूनहि त्याच न्यायालयानें असेंच केलें. दोन्हीं ठिकाणीं अडचण मैलांची नव्हती, वाटेची होती. आमच्याकडे काळ्या मातीच्या पांदणींत आषाढांत मोठ्या माणसाचा पाय निघत नाहीं. आणि गळिताच्या हंगामांत तीर्थपुरीच्या कारखान्याकडे जाणारे दुहेरी ट्रॉलीचे ट्रॅक्टर पहाटेपासून रात्रीपर्यंत रस्ता अडवून असतात. अंतर मोजावयाचें तें अशा दिवसांत, आणि मुलाच्या पायांनीं.

इंग्लंडांत या बाबतींत काय पद्धत आहे तें येथें सांगण्यासारखें आहे. तेथें आठ वर्षांखालील मुलाची शाळा २ मैलांहून, व त्यावरील मुलाची ३ मैलांहून दूर असेल तर मोफत वाहन देणें स्थानिक मंडळास कायद्यानें बंधनकारक आहे. अंतर मोजतात तें, मूल जरूर तर कोणाच्या सोबतीनें सुरक्षितपणें चालूं शकेल अशा वाटेचें. वाटच सुरक्षित नसेल तर अंतर कमी असूनहि वाहन मिळूं शकतें. मंडळें खर्च कमी करण्यासाठीं कायद्यापलीकडील सवलतींत फेरफार करूं पाहतात, तेव्हां सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें त्यांनीं लोकांचें मत निदान २८ कामाचे दिवस, आणि तेंहि शाळा भरत असतांना, घ्यावें लागतें. सुट्टींत उरकून चालत नाहीं. फेरफार शक्यतों टप्प्याटप्प्यानें करावा व जें मूल जुन्या सोयीवर शाळेंत आलें त्याची सोय मध्येंच तोडूं नये, असाहि संकेत आहे. तेथेंहि पैशाची ओढाताण आहेच, व लोकांची नाराजीहि आहे. पण विचारावयाचें कधीं, कोणास व किती दिवस, याचा ठाव आधींच लागलेला असतो. आपल्याकडे ‘गांवास विचारलें’ याचा अर्थ पुष्कळदां एका कागदावर सरपंचाची सही, एवढाच होतो.

तेव्हां असा प्रस्ताव गांवीं आला तर काय करावें? पहिली गोष्ट शाळा व्यवस्थापन समितीची. कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणें तिच्यांत तीन-चतुर्थांश सभासद पालक व निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात. बऱ्याच ठिकाणीं ती कागदावरच असते. ती आधीं जागी करावी. दुसरी ग्रामसभा. वर्षांतून चार सभा भरविणें भागच आहे, व प्रत्येक सभेपूर्वीं महिलांची सभा घ्यावयाची असते. शाळेच्या वाटेची खरी माहिती आयांस असते, म्हणून हा विषय महिलांच्या सभेंत प्रथम घ्यावा. येथें तीर्थपुरीची एक विशेष गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. तीर्थपुरीस आतां नगरपंचायत आहे, व नगरपंचायतीस ग्रामसभा नसते. समूह शाळा अशा मोठ्या गांवीं व्हावयाची झाली तर ज्यांच्या शाळा उठणार त्या भोवतालच्या लहान गांवांच्या ग्रामसभांचे ठराव हेंच त्यांच्या मताचें एकमेव लेखी साधन उरेल. मोठ्या गांवाच्या पुढाऱ्यांनीं सगळ्यांच्या वतीनें होकार देऊं नये, व लहान गांवांनीं तो देऊं देऊं नये.

ठरावांत नुसता ‘विरोध’ किंवा ‘संमति’ लिहून भागत नाहीं. प्रत्येक मुलाचें वय व वस्ती, पावसाळ्यांतील वाटेचें मोजलेलें अंतर, मधले ओढे, गाडी कोठपर्यंत येईल, ती न आल्यास त्या दिवशीं काय व्यवस्था, मुलांबरोबर कोण असेल, भाडें कोणत्या महिन्यांत व कोणाकडून मिळेल, हें सर्व लिहून मागावें. शिवाय गाडी ठराविक दिवसांहून अधिक बंद राहिल्यास जुनी शाळा पुन्हा सुरू होईल, अशी अट घालावी, आणि तोंवर शाळेची इमारत दुसऱ्या कामास देऊं नये. सालगड्यांचीं व ऊसतोडीस जाणाऱ्यांचीं मुलें या यादींतून सुटतात, कारण त्यांचे आईबाप सभेस नसतात. तीं नांवें जमीनदार शेतकऱ्यांनीं स्वतः घालावीं. त्यांच्या मुलांची शाळा तुटली तर आपला सालगडी तुटतो, हें वर आलेंच आहे.

ठरावाची एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे व एक जिल्हा परिषदेकडे पोंच घेऊन द्यावी. तरीहि दाद न मिळाली तर त्याच कायद्याच्या ३२ व्या कलमान्वयें कोणाहि व्यक्तीस मुलाच्या हक्काविषयीं स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करतां येते. तिचा निकाल तीन महिन्यांच्या आंत द्यावा लागतो, आणि तो न पटल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करतां येतें. तक्रारीस वकील लागत नाहीं. साध्या मराठींत, तारीख घालून व मुलांच्या यादीसह लिहिलेला अर्ज पुरतो.