हलके विमान, मिटत्या चाकांचे

एकच एंजिन असलेले, सामान्यतः चार ते सहा आसनांचे आणि उड्डाणानंतर चाके पंखांत किंवा धडात ओढून घेता येणारे लहान विमान. खाजगी प्रवास, व्यवसायानिमित्तचे दौरे व वैमानिकांचे प्रगत प्रशिक्षण यांसाठी अशी विमाने वापरतात. कायम बाहेर राहणाऱ्या म्हणजे स्थिर चाकांच्या तुल्य विमानापेक्षा ती वेगवान असतात. मात्र हा वेग यंत्रणेची गुंतागुंत, देखभालीचा खर्च आणि वैमानिकाची अखंड दक्षता यांच्या मोबदल्यात मिळतो. बीचक्राफ्ट बोनान्झा, मूनी एम-२०, पायपर कोमांचे व ॲरो, तसेच सेसना २१० ही अशा विमानांची प्रमुख उदाहरणे होत.

तत्त्व : हवेतून जाणाऱ्या विमानाच्या चाकांमुळे व त्यांच्या पायांमुळे होणारा वायुरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो व त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून केवळ एंजिनाच्या जोरावर वेग दहा टक्के वाढवावयाचा, तर शक्ती सु. एक-तृतीयांशाने वाढवावी लागते. त्यापेक्षा वायुरोध कमी करणे हा काटकसरीचा मार्ग ठरतो. सेसना कंपनीचे स्कायलेन हे विमान स्थिर व मिटती चाके अशा दोन्ही प्रकारांत मिळत असे. एंजिनांची शक्ती जवळजवळ सारखी असूनही मिटत्या चाकांचा प्रकार ताशी सु. २५ किमी. अधिक वेगाने जाई. याउलट, वेग मुळातच कमी असेल, तर होणारा लाभ यंत्रणेच्या वजनातच खर्ची पडतो. त्यामुळे प्राथमिक शिक्षणाच्या विमानांची चाके बहुधा स्थिरच असतात.

इतिहास : १९२० च्या गॉर्डन बेनेट शर्यतीसाठी बांधलेल्या डेटन-राइट आरबी-१ या अमेरिकन विमानाची चाके धडात ओढून घेता येत. १९३० नंतरच्या दशकात वाहतुकीच्या व लष्करी विमानांत ही पद्धत रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती खाजगी मालकाच्या आवाक्यात आणणाऱ्या विमानांत बोनान्झाचे स्थान महत्त्वाचे आहे. २२ डिसेंबर १९४५ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले व १९४७ मध्ये त्याची विक्री सुरू झाली. संपूर्ण धातूची बांधणी, चार आसने व इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची शेपटी ही त्याची वैशिष्ट्ये होती. मार्च १९४९ मध्ये विल्यम ओडम यांनी अशाच एका विमानातून होनोलूलू ते न्यू जर्सी राज्यातील टेटरबरो हे सु. ८,००० किमी. अंतर कोठेही न उतरता ३६ तासांत पार केले. १९८२ पर्यंत या विशिष्ट शेपटीची १०,००० हून अधिक विमाने तयार झाली. पायपर कंपनीच्या कोमांचे विमानाचे उत्पादन १९७२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लॉक हेवन येथील कारखाना पुराखाली गेल्यामुळे थांबले.

रचना व कार्य : चाके आत घेण्यासाठी विद्युत् चलित्र किंवा द्रवचालित यंत्रणा योजतात. मूनीच्या प्रारंभीच्या विमानांत हे काम वैमानिक हातदांड्याने करी. चाके खाली येऊन पक्की अडकली की वैमानिकासमोर हिरवे दिवे लागतात. बहुतेक विमानांत प्रत्येक चाकासाठी एक असे तीन दिवे असतात. चाके आत असताना एंजिनाची शक्ती फार कमी केल्यास भोंगा वाजतो. विमान जमिनीवर उभे असताना चाके मिटू नयेत म्हणून पायाच्या दाबावर चालणारा विद्युत् खटका बसविलेला असतो. वीजपुरवठा बंद पडल्यास बोनान्झात पुढील आसनांमागचा हातदांडा सु. पन्नास वेळा फिरवून चाके खाली आणता येतात. ॲरोमध्ये द्रवाचा दाब सोडून दिला की चाके स्वतःच्या भाराने खाली येतात. चाके हलविण्यासाठी ठरविलेली वेगमर्यादा ओलांडल्यास त्यांच्या झाकणांना व सांध्यांना इजा पोहोचते.

मानवी चूक : चाके न काढता उतरणे हा या विमानांचा विशिष्ट अपघात होय. अशा अपघातात माणसे बहुधा सुखरूप राहतात परंतु प्रचालकाची पाती वाकतात, एंजिनाला बसलेल्या धक्क्यामुळे ते उघडून तपासावे लागते आणि जुन्या विमानाची दुरुस्ती त्याच्या किंमतीबाहेर जाऊ शकते. याचे कारण पुष्कळदा यांत्रिक बिघाड नसून खंडित झालेला क्रम हे असते. नियंत्रण मनोऱ्याकडून आलेली सूचना, समोर दिसलेले दुसरे विमान किंवा रद्द करून पुन्हा केलेला उतरण्याचा प्रयत्न यांमुळे नेहमीची एक कृती गळते व ती झालीच आहे, असा समज मात्र मनात कायम राहतो.

दुसरी चूक याच्या उलट असते. विमान उतरल्यावर पंखांच्या झडपा वर घेण्याऐवजी वैमानिक चाकांचाच खटका ओढतो. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या बाँबफेकी विमानांबाबत असेच घडत असे. मानसशास्त्रज्ञ ॲल्फॉन्स चॅपॅनिस यांनी दोन्ही खटके एकसारखे व शेजारी-शेजारी असल्याचे दाखवून दिले. एकाच्या टोकाला लहान चाकाचा व दुसऱ्याच्या टोकाला झडपेचा आकार दिल्यावर स्पर्शानेच फरक कळू लागला. पुढे ही पद्धत नियमांतही आली. तरीही बोनान्झात या खटक्यांच्या जागा इतर विमानांच्या उलट होत्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने १९८० च्या अहवालात अशा अपघातांचा संबंध विमानाच्या रचनेशी जोडला. १९८४ च्या सुमारास उत्पादकाने ही मांडणी बदलली.

चूक यंत्राकडून टाळण्याचाही प्रयत्न झाला. १९६७ मध्ये बाजारात आलेल्या ॲरोमध्ये वेग ठराविक मर्यादेखाली गेला की चाके आपोआप बाहेर येत. परंतु एंजिन बंद पडल्यावरही ती बाहेर येऊन तरंगत जाण्याचे अंतर घटवीत. म्हणून अनेक विमानांतील ही सोय पुढे निकामी करण्यात आली. विमान उतरण्यापूर्वी ठराविक क्रमाने तपासणी करणे आणि धावपट्टीच्या अगदी जवळ आल्यावर हिरवे दिवे पुन्हा पाहणे, हा आजही सर्वांत विश्वसनीय उपाय आहे.

वेग आणि ढग : वायुरोध कमी असलेल्या विमानाचे नाक खाली झुकले की त्याचा वेग झपाट्याने वाढतो. केवळ उपकरणे पाहून उडण्याचे शिक्षण नसलेला वैमानिक ढगात शिरल्यास त्याला वळण व कल यांचे भान राहत नाही आणि विमान चक्राकार सूर मारू लागते. इलिनॉय विद्यापीठाने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बोनान्झा वापरून अशा वीस वैमानिकांची चाचणी घेतली. त्या सर्वांचा ताबा सुटला. तो सुटेपर्यंतचा काळ सरासरीने अवघा १७८ सेकंदांचा होता. नंतर त्यांना चाके खाली सोडून वेग आटोक्यात ठेवण्याची व सावकाश मागे वळण्याची पद्धत शिकविली, तेव्हा बहुतेक प्रयत्न यशस्वी झाले. वेगासाठी मिटलेली चाके येथे गतिरोधकाचे काम करतात. व्ही-शेपटीची काही विमाने अतिवेगामुळे हवेतच मोडल्यानंतर १९८७ मध्ये त्यांची शेपटी बळकट करण्याचा आदेश निघाला.

प्रशिक्षण : मिटती चाके, पंखांच्या झडपा आणि पात्यांचा कोन बदलता येणारा प्रचालक या तिन्ही गोष्टी असलेल्या विमानासाठी अमेरिकेत शिक्षकाकडून वेगळी प्रशिक्षण-नोंद घ्यावी लागते. भारतात अमेठी जिल्ह्यातील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीत टीबी-२० ट्रिनिडॅड या फ्रेंच बनावटीच्या विमानांवर असे शिक्षण दिले गेले.

मालकी व देखभाल : विमानाची खरेदी ही खर्चाची केवळ सुरुवात असते. विमानघराचे भाडे, विमा व वार्षिक तपासणी हे खर्च विमान उडो वा न उडो, करावेच लागतात. इंधन, तेल व एंजिनाच्या पुनर्बांधणीसाठी बाजूला ठेवावयाची रक्कम हे खर्च उड्डाणाच्या तासांनुसार वाढतात. या वर्गातील एंजिनांच्या पुनर्बांधणीची शिफारस साधारणपणे १,७०० ते २,००० तासांनी केलेली असते. म्हणून वर्षाकाठी थोडेच तास उडणाऱ्या मालकास दर तासाचा खर्च फार पडतो. शिवाय पडून राहिलेल्या एंजिनाचे अंतर्भाग गंजतात. मिटत्या चाकांमुळे आणखी काही कामे वाढतात. वार्षिक तपासणीत विमान टेकूंवर उचलून चाके अनेकदा आत-बाहेर करून पाहतात तसेच सांधे, खटके, चलित्र व द्रवनळ्या तपासतात. या प्रकारच्या विमानाचा अनुभव नसलेल्या मालकाकडून विमा कंपन्या अधिक हप्ता घेतात. या कारणांमुळे अनेकजण भागीदारीत विमान घेतात.

उत्पादनाचा उतार : अमेरिकेत लहान विमानांचे एकूण उत्पादन १९७८ मध्ये सु. १८,००० होते. १९९४ मध्ये ते एक हजाराच्याही खाली आले. उत्पादकांवरील नुकसानभरपाईचे दावे हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. त्यामुळे १९९४ च्या कायद्याने ही जबाबदारी सामान्यतः अठरा वर्षांपुरती मर्यादित केली. दरम्यान संमिश्र द्रव्यांच्या गुळगुळीत बांधणीमुळे स्थिर चाकांचा वायुरोधही बराच घटला. सिरस एसआर-२२ हे स्थिर चाकांचे व संपूर्ण विमानाला पेलणाऱ्या हवाई छत्रीचे विमान वेगात मिटत्या चाकांच्या अनेक विमानांची बरोबरी करते. चाके मिटण्याचा लाभ नाहीसा झालेला नाही परंतु तो घेण्यासाठी मोजावयाची किंमत प्रत्येक मालकाला आता अधिक काटेकोरपणे तोलून पाहावी लागते.