पन्नास ग्रॅमची शेती

श्टुटगार्टमधल्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एक निवृत्त परिचारिका एका संध्याकाळी दारात आल्या आणि म्हणाल्या, "मी घरात गांजाची तीन झाडं लावणार आहे. वासाचा त्रास झाला तर आधी मला सांगा." इमारतीतल्या प्रत्येक दारावर जाऊन त्या हेच सांगत होत्या. उसात किंवा तुरीत लपवून लावलेली गांजाची झाडं पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या वाचत मी मोठी झाले. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. त्याच झाडासाठी सत्तरीकडे झुकलेली ही बाई शेजाऱ्यांची सोय-गैरसोय विचारत फिरत होती. मला हे बघायचंय, असं मी तिथंच सांगून टाकलं.

जर्मनीत १ एप्रिल २०२४पासून प्रौढ माणसाला स्वतःपुरती तीन झाडं घरी लावता येतात. वाळलेला माल घरात ५० ग्रॅमपर्यंत ठेवता येतो, बाहेर जाताना जवळ २५ ग्रॅमपर्यंत. घरी पिकवलेलं विकता येत नाही, कुणाला फुकटही देता येत नाही आणि मुलांचा हात तिथवर पोचणार नाही असा बंदोबस्त ठेवावा लागतो. बाईंचा नातू अधूनमधून येतो, म्हणून अडगळीच्या खोलीला त्यांनी बी आणायच्या आधी कुलूप आणलं. गुडघे दुखून रात्री झोप लागत नाही, तर हे घेऊन बघावं, एवढाच त्यांचा हेतू होता. उपयोग होईलच असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. म्हणायच्या ते एकच, "५० ग्रॅम लक्षात ठेवा."

खोलीत काळ्या कापडाचा, आतून चंदेरी असा तंबू होता. लांबीरुंदी ८० सेंटिमीटर, वर २०० वॅटचा एलईडी दिवा, एक पंखा आणि हवा बाहेर नेणाऱ्या नळीला कोळशाची गाळणी. बी ओल्या कागदात ठेवून मोड आणले आणि कुंड्यांत लावलं. इथपर्यंत काही अवघड नव्हतं.

अवघड झालं ते बाईंच्या काळजीमुळे. त्यांची सगळी नोकरी रात्रपाळीत रुग्णांच्या उशाशी गेली, दर थोड्या वेळानं जाऊन बघायची सवय हाडात मुरलेली. पानं जराशी मान टाकताना दिसली की त्या पाणी घालायच्या. मुळांना हवा लागते. माती सतत ओली राहिली की ती गुदमरतात, आणि पानं मलूल पडतात ती पाणी जास्त झाल्यामुळे. बघणाऱ्याला वाटतं, तहानलंय. पाठोपाठ बारीक काळी चिलटं आली, त्यांच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात. मग बाईंनी पिवळे चिकट कागद लावले आणि पाण्याचं भांडं स्वयंपाकघरात परत नेऊन ठेवलं. कुंडी दोन्ही हातांनी उचलून बघायची, हलकी लागली तरच पाणी, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला. खताचंही तसंच. पानं काळपट हिरवी होऊन टोकं खाली वळली, शेंडे करपले, तेव्हा त्यांनी खताची मात्रा निम्म्यावर आणली. हे सगळं तारखेवार, तापमान आणि आर्द्रतेसकट एका वहीत आहे. ती वही मला कुठल्याही पुस्तकापेक्षा मोलाची वाटते, कारण तिच्यात चुका खोडलेल्या नाहीत.

सुरुवातीला दिवा रोज अठरा तास. झाडं गुडघ्याएवढी झाल्यावर बारा तास उजेड आणि बारा तास अंधार. रात्र मोठी झाली की या झाडाला फुलोरा येतो. शेतात हे काम ऋतू करतो, इथं टायमर करतो. पण अंधार पुरा हवा. त्यात वरचेवर उजेड शिरला तर मादी झाडावर नरफुलं येऊ शकतात, परागकण पडतात आणि तुऱ्यांत बी भरतं. बाई खोलीचा दिवा मालवून, दार लावून स्टुलावर बसायच्या आणि कुठून उजेड येतो ते शोधायच्या. एकदा मीही त्यांच्याजवळ बसले. विजेच्या पट्टीवरचा लाल दिवा दिसला, त्यावर त्यांनी औषधाच्या चिकटपट्टीचा तुकडा लावला.

फुलोरा धरल्यावर एक दिवस त्यांनी मला पान हळूच चोळायला सांगितलं. बोटांना वास आला तो थेट कैरीच्या देठाशी येणाऱ्या चिकाचा. आंब्यात असणारं मायर्सीन हे सुगंधी द्रव्य या झाडातही असतं, बिअरमध्ये घालतात त्या हॉप्समध्येही. हॉप्स आणि गांजा तर एकाच कुळातले. गाळणीमुळे जिन्यात काहीच कळत नव्हतं, पण माझ्या बोटांवर तो वास रात्रभर राहिला. पुढे त्या खोलीत मी वारंवार गेले, त्याचं मोठं कारण हा वास होता.

मग बुरशी आली. सर्वांत भरदार तुऱ्यातलं एक पान एकाएकी पिवळं पडलं. बाईंनी ते धरलं तर अलगद हातात आलं, आणि आत सगळं करडं, कुजकं. द्राक्षं आणि स्ट्रॉबेरी नासवते तीच ही करडी बुरशी. दिवा मालवला की तंबू थंड व्हायचा आणि आर्द्रता सत्तर टक्क्यांवर जायची. वहीत तो आकडा रोज लिहिलेला होता. बाईंनी आधी तो तुरा कापला, मग शेजारचे दोन. मग थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि सगळं झाडच कापून पिशवीत बांधलं. "बाकीचे दोघं वाचले पाहिजेत," म्हणाल्या. आयुष्यभर वॉर्ड सांभाळलेल्या बाईचे हात होते ते. माझ्याच्यानं तो निर्णय इतक्या लवकर झाला नसता. त्या रात्रीपासून पंखा अंधारातही चालू राहिला.

तुऱ्यांवरच्या राळेच्या ग्रंथी भिंगातून आधी काचेसारख्या स्वच्छ दिसतात, मग दुधाळ होतात, मग काही तांबूस. बहुतेक दुधाळ झाल्यावर कापणी केली. फांद्या अंधाऱ्या, थंड खोलीत उलट्या टांगल्या, काडी कट्‌कन मोडायला लागल्यावर तुरे बरण्यांत भरले. बरणीचं झाकण रोज थोडा वेळ उघडायचं, नाहीतर आतल्या ओलीनं पुन्हा बुरशी धरते.

विजेचा हिशेब मी मागून घेतला. सहा आठवडे अठरा तास, नऊ आठवडे बारा तास: नुसत्या दिव्याची तीनशे युनिटं, बाईंच्या दरानं शंभर युरोंच्या वर. उन्हात फुकट वाढणाऱ्या झाडासाठी हा खर्च मला पटत नाही. दक्षिणेकडची गॅलरी असणाऱ्यानं तंबूच्या भानगडीत पडू नये.

शेवटी स्वयंपाकघरातला काटा निघाला. दोन झाडांचे वाळलेले तुरे भरले ८७ ग्रॅम. कायदा म्हणतो ५०. त्यावरचं नष्ट करायचं, आणि घरात ६०च्या वर सापडलं तर फौजदारी गुन्हा. बाईंनी ५० ग्रॅम मोजून बरण्यांत ठेवलं. उरलेल्या ३७ ग्रॅमवर बादलीत पाणी आणि माती घालून, कालवून ते कचऱ्यात टाकलं. वहीत लिहिलं: ३७, नष्ट. तिसरं झाड जगलं असतं तर किती टाकावं लागलं असतं, याचा हिशेब आम्ही दोघींनी केला नाही.

मला हे चुकीचं वाटतं. झाडं तीनच, ही मर्यादा रास्त आहे. घरच्या मालाची विक्री नको, हेही रास्त. पण नवशिक्या माणसाच्या दोन झाडांनीसुद्धा जी मर्यादा ओलांडली जाते, ती नीट विचार करून घातलेली नाही. कुलपात ठेवलेल्या स्वतःच्या पिकाला ग्रॅमचं बंधन नसावं.

इथल्या मराठी मंडळींना मात्र एक कळकळीची विनंती. ही मोकळीक जर्मनीच्या हद्दीत संपते. भारतात येताना बॅगेत एक तुरासुद्धा असता कामा नये. आपल्या कायद्यात एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' धरतात, आणि त्या अल्प प्रमाणालाही एक वर्षापर्यंतची सक्तमजुरी आहे.